पारण्याआधीचं माप

नोकरी सोडताना मला चार वस्तू परत करायच्या होत्या. ओळखपत्र, लॉकरची किल्ली, पांढरी टोपी आणि सव्वीस वर्षं वापरलेलं भिंग. पाचवी गोष्ट परत करायची नव्हती, द्यायची होती. डाव्या दंडातलं दोन चमचे रक्त.

आमचा कारखाना कुपवाडला, सलाईनच्या नळ्या करणारा. हल्ली नळ्या कॅमेराच तपासतो. पण ज्या नळीबद्दल त्यालाही ठरवता येत नाही, ती संशयित म्हणून माझ्या टेबलावर येते. तिच्यावर लाल चिठ्ठी बांधायची आणि ती तीन वेळा, तीन वेगळ्या पाळ्यांत मोजायची. एका मापावर माल बाद करायचा नाही. आणि प्रत्येक मोजणीच्या आधी यंत्राचा काटा शून्यावर आहे का ते बघायचं. ही सवय हातात इतकी मुरलेली की घरी पिठाचा डबा मोजतानाही मी आधी रिकामा काटा बघते. माझे यजमान हसतात. म्हणजे हसायचे.

रक्त कशासाठी, ते सांगते.

माणसाच्या रक्तात हजारो प्रकारची प्रथिनं फिरत असतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय, जो अवयव जसा थकेल तशी त्याच्या प्रथिनांची ठेवण बदलते. शास्त्रज्ञांनी लाखो माणसांचे जुने नमुने आणि त्या माणसांच्या मृत्यूच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या आणि ही ठेवण वाचायला यंत्राला शिकवलं. यंत्राचं सरकारी नाव आयुमापक. लोक नुसतं घड्याळ म्हणतात. रक्त घातलं की ते सांगतं, हे शरीर साधारण कितव्या वर्षापर्यंत चालेल. सगळ्यात जास्त भार ते मूत्रपिंडावर देतं, कारण ते थकलं की बाकीचं फार मागे राहत नाही.

सात वर्षांपूर्वी निवृत्तिकोशानं पेन्शन या घड्याळाला जोडली. ज्याला कमी वर्षं जगायचंय त्याला दरमहा जास्त, ज्याला पुष्कळ जगायचंय त्याला कमी. जमलेली रक्कम तीच, ती किती वर्षांत वाटायची एवढाच प्रश्न. मला यात अन्याय दिसला नव्हता. आधी भट्टीवरचा कामगार पेन्शनची चार वर्षं खाऊन जायचा आणि त्याचं उरलेलं ऑफिसातले लोक नव्वदीपर्यंत पुरवून खायचे.

नोकरी मधेच सोडली तरी घड्याळापुढे बसावंच लागतं, आणि फॉर्मवर तीन चौकोन असतात. पहिला, रक्कम इथेच राहू द्या, साठाव्या वर्षी पेन्शन सुरू होईल. दुसरा, नव्या नोकरीच्या खात्यात हलवा. तिसरा, आत्ताच सगळी काढून द्या. तिसऱ्यावर एकदा अंगठा टेकवला की परत फिरता येत नाही, आणि म्हातारपणी त्या दारात उभंही राहता येत नाही.

मी तिसऱ्यावर अंगठा टेकवणार होते.

कारण यजमानांचा आकडा.

शांतिनाथ दूध संघाच्या शीतकेंद्रावर होते. तीन वर्षांपूर्वी, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडली. संघातून थेट पेन्शन सुरू करायची सोय होती, म्हणून घड्याळापुढे बसले. आकडा आला सहासष्ट.

घरात कुणी रडलं नाही. ते फक्त आवरायला लागले. मंदिरात ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्या आहेत, हळेकन्नड म्हणजे जुन्या कानडी लिपीतल्या. नोकरीतून मोकळा झालो की त्या वाचायला शिकायचं, हे त्यांचं वीस वर्षांचं स्वप्न. पंडितजी म्हणाले होते, नीट वाचता यायला पंधरा वर्षं लागतील. आकडा आल्यावर ती अक्षरं गिरवायला आणलेली पाटी कपाटावर गेली. परसात नारळ लावायचा होता, तो खड्डा त्यांनी बुजवला. "फळ धरायला सात वर्षं. कुणाला?" म्हणाले. गेल्या वर्षी श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला तेव्हा बाहुबलींच्या पायाशी ते फार वेळ उभे राहिले. खाली उतरताना म्हणाले, "पुढचा बारा वर्षांनी. तू जाऊन ये."

आणि 'उद्या' हा शब्द त्यांनी टाकला. उरलेली भाजी उद्या नाही, पत्र उद्या नाही, काहीच उद्यावर नाही. स्टेशनवर सामान बांधून बसलेल्या माणसासारखे ते घरात राहत होते.

श्रावणात एकदा जेवताना म्हणाले, "त्रिशला, आठ वर्षं राहिलीत. तुझी सात तिथल्या टेबलावर जाणार. नोकरी सोडतीस का?"

त्यांनी लग्नानंतर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. सगळी रक्कम काढायची, आठ वर्षं एकत्र घालवायची, तीर्थं करायची, असं ठरलं.

रक्त देण्याचा दिवस पौर्णिमेचा आला. आदल्या दिवशी चतुर्दशी. आमच्याकडे अष्टमी-चतुर्दशीचा उपवास निर्जल असतो. तेरसच्या सूर्यास्तापासून पौर्णिमेला पूजा होईपर्यंत घोटभर पाणीही नाही. मग पारणं, आधी पाणी, मग मुगाचं वरण. त्या दिवशी कोशाच्या कार्यालयात सकाळी साडेसातलाच बोलावलेलं, म्हणून पारणं परत आल्यावर करायचं ठरवलं.

मी रोज सकाळी मंदिरात एक छोटा नियम घेते. कधी आज तिखट नाही, कधी आज चारच पदार्थ. त्या दिवशीचा नियम होता, विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

कार्यालयात ओवी सरनोबत म्हणून अधिकारी होती. तिशीतली, चटपटीत, केसांत पेन खोचलेलं.

"काकू, फॉर्म वाचते हं. मधुमेह?"

"नाही."

"सध्या काही औषध?"

"नाही."

"नेहमीपेक्षा वेगळा काही आहार घेतलाय गेल्या दोन दिवसांत?"

चतुर्दशी मी बाराव्या वर्षापासून करते. माझ्यासाठी नेहमीचं तेच. आणि नेम-धर्म सांगत सुटायचं नसतं, आईनं शिकवलं होतं, सांगितलेल्या उपवासाचं पुण्य जिभेवरच संपतं.

"नाही," मी म्हणाले.

दोन दिवसांनी आकडा आला. बासष्ट.

मी त्रेपन्नची. म्हणजे नऊ वर्षं. माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, ते लिहायला संकोच वाटतो, पण खोटं कशाला लिहू. मला बरं वाटलं. यांच्यामागे एकच वर्ष एकटीला काढायचं होतं. देवानं जोडी राखली, असं वाटलं.

घरी सांगितलं. यजमानांनी उठून देवासमोरची समई नीट केली, जी नीटच होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात डबा खाताना हसीनाला सांगितलं. हसीना मुजावर माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं. तिचं तोंड कधी बंद नसतं आणि माझं कधी उघडं नसतं, म्हणून आमचं जमतं.

"बासष्ट? तू?" ती घास हातात धरून ओरडली. "सूर्य मावळला की तोंडाला कुलूप, तळलेलं नाही, तिखट नाही, राग नाही! तू बासष्टला गेलीस तर आमची तिरडी आत्ताच बांधा की! रक्त कधी दिलंस?"

"पौर्णिमेला. सकाळी."

"थांब, थांब. आदल्या दिवशी तुझा तो कोरडा उपास होता. डबा आणला नव्हतास, मी बघितलंय. पाणी तरी प्यालीस का?"

"नाही."

हसीनानं डब्याचं झाकण टेबलावर आपटलं. "वेडी आहेस का गं! तीन वर्षांमागे रमजानमध्ये आपल्या दवाखान्यानं तपासणी केली, संध्याकाळी, रोजा सुटायच्या आधी. माझी किडनी बाद केली त्यांनी. माझ्या नवऱ्यानं दोन दिवस चहा करून दिला, म्हणजे बघ किती घाबरला असेल! ईद झाल्यावर परत तपासली तर किडनी ठणठणीत. डॉक्टर म्हणाला, बाई, शरीरात पाणी नसलं की रक्त घट्ट होतं, किडनीचे आकडे वर चढतात. त्या घड्याळाला काय माहीत तू कोरडी आहेस की म्हातारी आहेस?"

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

सव्वीस वर्षं मी इतरांना सांगत आले, मोजण्याआधी शून्य बघा. आणि माझ्या आयुष्याचं माप निघालं तेव्हा काटा कुठे होता ते मी बघितलंच नाही. छत्तीस तासांच्या कोरड्या मूत्रपिंडाला ते यंत्र झिजलेलं मूत्रपिंड समजलं होतं. चूक यंत्राची नव्हती. ज्या लाखो माणसांच्या रक्तावर ते शिकलं, ती सगळी उठल्यावर पाणी पिऊन आलेली.

त्या दुपारी मी टेबलाच्या खणातून एक लाल चिठ्ठी घेतली आणि नेहमीच्या अक्षरात भरली. वस्तू: त्रिशला शांतिनाथ मगदूम. संशयित दोष: शून्य न जुळवता मोजणी. कारवाई: पाणी पाजून पुन्हा मोजावे.

ती घेऊन ओवीपुढे उभी राहिले. त्या दिवशी बोलण्याचा कसलाच नियम नव्हता.

तिनं चिठ्ठी वाचली. आधी हसली, मग हसायची थांबली. "काकू, मी विचारलं होतं तुम्हाला. वेगळा आहार घेतलाय का म्हणून."

"उपवास माझ्यासाठी वेगळा नाही, पोरी. तुझ्या प्रश्नाला मी खरंच उत्तर दिलं. पण तू पाण्याचं विचारलं नाहीस."

"पाण्याचं कोण विचारेल? पाणी सगळेच..." ती थांबली. केसांतलं पेन काढून तिनं फॉर्मच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. "पंधरा दिवसांत एकदा फेरतपासणीचा हक्क आहे तुम्हाला. सोमवारी या. आणि येताना पाणी पिऊन या बरं का!"

सोमवारी मी दोन तांबे पाणी पिऊन गेले. आकडा आला एकोणनव्वद.

ओवीनं टाळी वाजवली. मी मात्र बोटांवर वजाबाकी केली. एकोणनव्वद म्हणजे छत्तीस वर्षं. त्यातली आठ यांच्याबरोबर. अठ्ठावीस वर्षं एकटी. ते घर, ती समई, बुजवलेला खड्डा. तीन दिवसांपूर्वी मी मरणाला तयार होते, आता जगायला घाबरले.

घरी येईपर्यंत हाताला सवयीनं पुढचं सुचलं होतं. एक नळी सदोष मोजली गेली, तर त्याच यंत्रावर आधी मोजलेल्या सगळ्या परत काढायच्या असतात.

यजमान मंदिरात गेले होते. मी कपाटातून त्यांचं प्रमाणपत्र काढलं. तपासणीची तारीख छापलेली होती. माळ्यावर जुन्या दिनदर्शिकांची गुंडाळी होती, तिथ्या बघायला मी त्या ठेवते. तीन वर्षांपूर्वीचं भाद्रपदाचं पान उलगडलं आणि बोट तारखेवर टेकवलं.

आदला दिवस अनंत चतुर्दशी.

पर्युषणाचा दहावा दिवस. दहा दिवस एकवेळ जेवून यांनी शेवटचा निर्जल केलेला. मला ती सकाळ आठवली. "पारणं आल्यावर करतो, तिथं रांग असते," असं म्हणून गेले होते. आणि प्रमाणपत्राला जोडलेल्या फॉर्मवर, वेगळ्या आहाराच्या रकान्यात, त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता. नाही.

आम्ही दोघांनी एकच चूक केली होती. दोघंही खरं बोललो होतो.

ते आले तेव्हा मी दोन्ही कागद पाटावर मांडले होते. हसीनाची किडनी, माझी लाल चिठ्ठी, एकोणनव्वद, सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "राहू दे."

"राहू दे काय?"

"मी आवरलंय गं सगळं. तीन वर्षं लागली मन आवरायला. आता परत पसारा मांडू? आणि परत मोजलं आणि परत सहासष्टच आलं तर?"

"आणि नाही आलं तर?"

"तर तीन वर्षं मी मेल्यासारखी घालवली, ते कळेल." ते भिंतीकडे बघत म्हणाले. "ते आणखी वाईट."

हट्ट करणं मला जमत नाही. चूल पेटवली, भात टाकला. सूर्यास्ताच्या आत जेवायचं होतं.

पान वाढताना ते अचानक म्हणाले, "चूळसुद्धा भरली नव्हती त्या दिवशी."

"हं."

"त्रिशला, समज आकडा चुकीचा आहे. मग मला दरमहा जास्त येतंय."

"येतंय."

"ते कुणाचं?"

"कोशातलं. सगळ्यांचंच आहे ते. संघातल्या लोकांचं, आमच्या कारखान्याचं. हसीनाचंसुद्धा."

"हसीनाचं?" त्यांनी घास खाली ठेवला. लग्नात पाच अणुव्रतं घेताना गुरुजींनी विचारलं होतं, कोणतं अवघड वाटतं? यांनी बाकीचं कुठलं सांगितलं नव्हतं, म्हणाले होते, अचौर्य, कारण चोरी आपल्याला न कळतही होते. "तीन वर्षं तिच्या ताटातलं खातोय मी? आणि ती मला दादा म्हणते?"

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"आता माहीत झालं." ते उठले. बाहेर जाऊन हात धुतले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "आज काय तिथी? पंचमी ना? म्हणजे उपवास नाही. सकाळी जाऊ."

सकाळी ते चार पेले पाणी प्याले. कार्यालयात ओवीला नमस्कार करून म्हणाले, "बाई, माझी एक अट आहे. पेन्शन काय ती बरोबर करा. कमी करा, मागचं कापा. पण आकडा मला सांगायचा नाही. हिलाही नाही. कागदावर छापायचाही नाही."

"काका, आकडा सगळ्यांनाच हवा असतो."

"मला होता. तीन वर्षं रोज हातात धरून बसलो होतो."

ओवीनं केसांतलं पेन काढलं. "मागचं नाही कापणार. चूक आमच्या फॉर्मची आहे, म्हणून पंधरा दिवसांची मुदतही आड येणार नाही. आणि आकडा बंद ठेवण्याचा अर्ज असतो, कुणी करत नाही, पण असतो." तिनं तो शोधून काढला. मग माझ्याकडे वळली. "काकू, तुमची ती लाल चिठ्ठी मी वर पाठवली. सांगलीच्या मापनकेंद्रातून फोन आला होता. म्हणाले, रमजान, एकादश्या, तुमच्या चतुर्दश्या, किती नमुने असे गेले असतील? त्यांना जुनी मापं परत काढायचीत. संशयित कुठली ते ओळखणारं माणूस हवंय. आठवड्यातले तीन दिवस. मी तुमचं नाव दिलंय, रागावू नका."

मी यजमानांकडे बघितलं. नोकरी मी त्यांच्यासाठी सोडली होती.

"तीन दिवस जा," ते म्हणाले. "बाकीचे चार मला पुरतील." मग थोडं थांबून, "घाई नाही," असं म्हणाले. त्यांचं त्यांनाच त्या शब्दाचं नवल वाटलेलं दिसलं.

शेवटच्या दिवशी मी ओळखपत्र, किल्ली आणि टोपी परत केली. भिंग हसीनानं परत करू दिलं नाही. "हरवलं म्हणून लिही," म्हणाली. मी म्हटलं, खोटं नाही लिहिणार. तेव्हा तिनं साहेबांकडे जाऊन भांडून ते मला रीतसर भेट म्हणून मिळवलं. फॉर्मवर मी दुसऱ्या चौकोनावर अंगठा टेकवला. सव्वीस वर्षांचं सगळं सांगलीच्या नव्या खात्यात गेलं, साठीपर्यंत तिथंच वाढायला. छत्तीस वर्षं पुरवायचं होतं ते. कदाचित दोघांना.

यजमानांचा कागद दिवाळीनंतर आला. पोस्टमननं दिला तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होते. ते ओसरीवर उभ्यानंच वाचायला लागले. आकडा नव्हता, ठरल्याप्रमाणे. फक्त दरमहाची नवी रक्कम होती.

त्यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"किती?" मी विचारलं.

"कमी झाली."

"किती कमी?"

"बरीच." त्यांनी कागद उंच धरला. "त्रिशला, बरीच कमी झाली गं!"

पेन्शन कमी झाली म्हणून एवढा आनंदलेला माणूस आमच्या गल्लीनं पाहिला नसेल. चप्पल घालून ते तसेच बाहेर पडले. मला वाटलं मंदिरात गेले. तासाभरानं आले ते हातात पेढ्यांचा पुडा, काखेत नारळाचं रोप घेऊन. रोप परसात ठेवलं, कपाटावरची पाटी खाली काढली, तिच्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मग पुडा सोडून एक पेढा माझ्यापुढे धरला.

माझा त्या दिवशीचा नियम होता, गोड नाही. मी मान हलवली.

तीन वर्षांपूर्वी आकडा आल्यापासून या घरात कुठलीही गोष्ट दुसऱ्या दिवसासाठी ठेवली गेली नव्हती. त्यांनी पेढा परत पुड्यात ठेवला, वर वाटी पालथी घातली आणि ती फळीवर सरकवली.

"असू दे," ते म्हणाले. "उद्या खा."